मलिक अंबरला खांदे हवेत

हल्ली आपल्या सभांमध्ये मलिक अंबरचं नाव फार येतं. महाराष्ट्राच्या घडणीत मुसलमानांचा वाटा काय, असा विषय निघाला की वक्ता चार नावं घेतो आणि त्यात हे असतंच. खडकी वसवली, नहर आणली, महसुलाची घडी बसवली, मुघलांना पंचवीस वर्षं दमवलं. टाळ्या पडतात, सभा संपते. पण सभेतल्या कुणालाही विचारा की हा माणूस दिसायला कसा होता, तर उत्तर येत नाही. ज्यांना येतं त्यांचं उत्तर सिनेमातलं असतं. हिरवा अंगरखा, डोळ्यांत सुरमा, छातीपर्यंत दाढी, टोपावर चंद्रकोर.

ज्याचा अभिमान सांगायचा त्याचा चेहरा आपण एकदा तरी बारकाईने पाहिलेला असावा, असं माझं म्हणणं आहे. आणि पाहण्याचा मला सापडलेला सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याचा तळहातावर मावेल एवढा अर्धपुतळा स्वतः घडवणं. हे वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. मुजस्समा? उर्दू शाळेतला मास्तर पोरांना मुजस्समे करायला शिकवतो? त्यावर येतोच आहे. पण आधी काम काय असतं ते सांगतो, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं.

इतिहासातल्या सैनिकांचे आणि सेनापतींचे छोटे अर्धपुतळे करणं हा जगभर चालणारा छंद आहे. डोकं, मान, खांदे आणि छातीचा वरचा भाग, एवढंच. प्रमाण बहुधा दहास एक. म्हणजे डोकं साधारण सव्वादोन सेंटिमीटर, मोठ्या बोराएवढं. नेपोलियनचे शिपाई, रोमन सरदार, जपानचे सामुराई या छंदात ढिगाने सापडतात. दख्खनचा माणूस मला त्यात क्वचितच दिसला. गेले दोन उन्हाळे अमरावतीत माझ्या घरी सहा मुलं आणि अकोल्यात बहिणीकडे भाचा धरून तिघं, अशी आमची छोटी टोळी हे काम करते आहे. सगळे आठवी ते दहावीतले.

माती वापरतो ती पॉलिमर क्ले. नाव क्ले, पण त्यात माती नाही. पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारा द्रव, असा तो प्रकार. (एका मौलानांना मी गमतीने म्हटलं, हजरत, ही मातीच नाही, मग मातीचा पुतळा कसा? ते हसले, पण मानले नाहीत.) शाडूने हे काम होत नाही. आपल्या वऱ्हाडच्या कोरड्या हवेत शाडूला तडे जातात आणि दोन मिलिमीटरच्या नाकाची कड ती धरत नाही. पॉलिमर क्ले भाजेपर्यंत मऊ राहते. आज केलेला कान पंधरा दिवसांनी काढून पुन्हा करता येतो. पोरांच्या हाताला घाई असते, आणि ही माती घाई करू देत नाही.

फक्त अकोल्याचा मे महिना तिला सोसत नाही. पारा ४५ च्या घरात गेला की ती लोण्यासारखी होते, बोट लावलं की ठसा उमटतो, आणि उन्हात राहिलेली वडी न भाजताच अर्धवट कडक होऊन बसते. म्हणून काम फजरनंतर, आठ-साडेआठपर्यंत. वडी फ्रिजमध्ये, आंब्याच्या डब्याशेजारी.

लाकडी ठोकळ्यात तांब्याची तार उभी करायची, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पन्नीचा घट्ट गोळा, त्यावर मातीचा पातळ थर. डोळ्यांचे गोळे आधी वेगळे करून भाजून घ्यायचे, म्हणजे पापण्या बसवताना ते दबत नाहीत. दहास एक प्रमाणात डोळा सुमारे अडीच मिलिमीटरचा होतो, मोहरीहून जरा मोठा, धन्याहून लहान. हत्यारं म्हणजे सुई, टूथपिक, बॉलपेनची रिकामी रिफिल. भाजायचं १३० अंशांवर, दर सहा मिलिमीटर जाडीला पंधरा मिनिटं. ओव्हनच्या खटक्यावर विश्वास ठेवायचा नाही, आत वेगळं तापमापक ठेवायचं. आणि ज्या ओव्हनमध्ये ही माती भाजली त्यात पुन्हा नानखटाई करायची नाही. ती जळली तर हायड्रोजन क्लोराईडचा घातक धूर निघतो, तेव्हा खिडक्या उघड्या आणि मोठं माणूस जवळ.

एवढं झालं की कसब संपतं आणि इतिहास सुरू होतो.

पहिला प्रश्न: चेहरा कुठून आणायचा? वऱ्हाडातलाच माणूस घ्यावा असा मोह मलाही झाला होता. गाविलगड आणि नरनाळा या दोन्ही किल्ल्यांवर छाप सोडून गेलेला फतहुल्ला इमादुल्मुल्क, वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक, आपल्याला किती जवळचा! विजयनगरकडच्या ब्राह्मण घरात जन्मला, लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला आणि पुढे एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, सत्ता स्थापून बसला. पण त्याच्या काळातलं त्याचं चित्र माझ्यासमोर नाही. चित्राशिवाय केलेला चेहरा म्हणजे आपल्या मनातला चेहरा. त्याला इतिहास म्हणायचं नाही, एवढी शिस्त आम्ही पहिल्याच दिवशी ठरवली.

हा हट्ट काही माझा एकट्याचा नाही. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली शिवाजी महाराजांचं जुनं, विश्वासार्ह चित्र उजेडात आणलं, त्याआधी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून घरोघर चालत होतं. महाराष्ट्राने तेव्हा पुरावा पाहून चेहरा बदलून घेतला. मला ती गोष्ट फार मोठी वाटते.

मलिक अंबरची मात्र चित्रं आहेत. त्यातली दोन मी पोरांपुढे छापून ठेवली.

पहिलं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं, हाशिम नावाच्या चित्रकाराचं, १६२० च्या सुमाराचं. अंबर एका बाजूने, उभा. पांढरा जामा, भरदार शरीर, काळा वर्ण, जवळ तलवार. चिलखत नाही, शिरस्त्राण नाही. पोरं हिरमुसली. सेनापती म्हटलं की त्यांना साखळ्यांचं चिलखत करायचं होतं, त्याच्या कड्या कशा दाबायच्या याचे व्हिडिओही त्यांनी पाहून ठेवले होते. मी म्हटलं, चित्रात नाही, तर पुतळ्यावर नाही.

दुसरं चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयातलं, अबुल हसनचं, साधारण १६१६ चं. या चित्राची पार्श्वभूमी आपल्या अंगणातली आहे. अकोला जिल्ह्यातलं बाळापूर तेव्हा मुघलांचं ठाणं होतं. तिथून शाहनवाज खान निघाला आणि १६१६ मध्ये जालन्याकडच्या रोशनगावला त्याने अंबरचा पराभव केला. शाहनवाज म्हणजे ज्याचे दोहे आपली मुलं हिंदीच्या पुस्तकात पाठ करतात त्या रहीमचा मुलगा. पराभव झाला, खडकी लुटली गेली, पण अंबर हाती लागला नाही. मग बादशहाने त्याला चित्रात मारलं. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर, बैल माशावर. हातात धनुष्य, आणि समोर भाल्याच्या टोकावर खोचलेलं मलिक अंबरचं कापलेलं डोकं. त्याच्यावर घुबड. बादशहा त्या डोक्यावर बाण सोडतो आहे.

अंबर तेव्हा जिवंत होता. पुढे दहा वर्षं तो लढला. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा मिळून पराभव केला. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते, आणि शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. शाह शरीफ या नगरच्या पिरावरून दोघा भावांची नावं ठेवली गेली असं सांगतात, ते हेच दोघे. १६२६ मध्ये अंबर वारला, वय ऐंशीच्या जवळ, आणि खुलताबादला त्याची कबर आहे. डोकं धडावरच होतं.

आता मी शिकवताना घडलेली गोष्ट. पहिल्या आठवड्यात पोरांनी डोकी केली, मान केली आणि ती तारेवर तशीच वाळत घातल्यासारखी ओळीने उभी केली. नववीतला एक मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, ये तो कटी मुंडी लगरी." खोलीत शांतता. भिंतीवर अबुल हसनचं चित्र लावलेलंच होतं. सहा तारांवर सहा मुंडकी, आणि समोर भाल्यावर सातवं.

त्या दिवशी आम्ही मातीला हात लावला नाही. अर्धपुतळा आणि कापलेलं डोकं यात फरक काय, याच्यावरच बोललो. फरक असतो तो खालच्या रेषेत. मान हनुवटीखाली तोडली की ते जल्लादाचं काम दिसतं. खांदे आले, गळपट्टी आली, छातीची रुंदी आली की माणूस उभा राहतो, आणि पाहणारा उरलेलं शरीर आपोआप पुरं करतो. खांदे एका रेषेत ठेवले की तो कवायतीत उभा वाटतो. एक जरा खाली, मान किंचित वळलेली, की कुणाचं तरी ऐकतो आहे असं वाटतं. अंबरच्या बाबतीत ही कलाकुसरीची गोष्ट राहत नाही. एका बादशहाने ज्याचं डोकं धडावेगळं रंगवून घेतलं, त्याला आपण चारशे वर्षांनी खांदे परत देतो आहोत. मी हे पोरांना या शब्दांत सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तारा खालून वाढवून आणल्या.

दुसरी अडचण याहून अवघड. हाशिमचं चित्र बाजूने काढलेलं आहे. त्या काळची ती रीतच. बाजूच्या चित्रातून कपाळाचा उतार मिळतो, नाकाचा कणा, ओठांचा पुढावा, हनुवटी, कानाची जागा. त्याची पुठ्ठ्याची कापीव पट्टी करून पुतळ्याला लावून पाहता येते, आणि आम्ही ती रोज लावतो. पण दोन डोळ्यांत अंतर किती, नाकपुड्या किती रुंद, गाल किती भरलेले, हे त्या चित्रात नाहीच. समोरचा चेहरा आपल्याला भरायचा असतो.

आणि जिथे पुरावा संपतो तिथे आपल्या मनातलं काय काय बाहेर येतं, ते पाहण्यासारखं असतं. कुणी नाक सरळ आणि बारीक केलं. कुणी कपाळावर आठ्या घातल्या, कारण "खान गुस्सेमेच रहते". कुणी ओठ इतके जाड केले की ती टर झाली. एकाने चेहरा चक्क त्याच्या मामासारखा केला, आणि खरं सांगायचं तर तो त्यातल्या त्यात बरा होता, कारण निदान माणसाचा होता. मग आम्ही मुरूड-जंजिऱ्याकडच्या सिद्दी माणसांची आणि इथिओपियातल्या लोकांची छायाचित्रं पाहिली. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात, कपाळाखाली लगेच नसतात, हे साधं माप पोरांना तेव्हा कळलं. डोळे वर चढवले की माणूस कमी बुद्धीचा दिसतो. शत्रूच्या चित्रात हे नेहमी केलं जातं, कधी जाणून, बहुतेक वेळा न कळत.

रंगाच्या दिवशी खरी परीक्षा झाली. अंबर हबशी होता. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, चापू हे मूळ नाव, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादहून दख्खनला आला, चंगेज खान या निजामशाहीच्या पेशव्याने त्याला विकत घेतलं. तो चंगेज खानही हबशीच. जहांगीरने आपल्या आठवणींत अंबरला त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या घातल्या आहेत. आणि आमच्या खोलीत, शिकल्यासवरल्या मुसलमान घरांतल्या पोरांनी ब्रश उचलला आणि गव्हाळ रंग कालवायला घेतला. मी चित्राकडे बोट दाखवलं. एक जण म्हणाला, "सर, इतना काला नको. अच्छा नहीं दिखता."

मी ओरडलो नाही. हे वाक्य त्याचं नव्हतंच. आपल्या लग्नाच्या बायोडेटात ते असतं, आपल्या खालांच्या तोंडी असतं. सगळे कलमा पढणारे बराबर, असं जुम्म्याला ऐकून घरी येणारे आपण, सून पाहायला गेलो की काय पाहतो ते आपल्याला माहीत आहे. काळी त्वचा रंगवणं हे ॲक्रिलिकमधलं सगळ्यात सुंदर काम आहे, हे मात्र मी त्याला दाखवलं. नुसता काळा लावला की कोळसा होतो. गडद तपकिरीवर थोडा तांबडा, सावलीत निळसर छटा, आणि उजेडाच्या जागी पांढरा न वापरता नारिंगीकडे झुकणारा तपकिरी. कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर. तिसऱ्या थराला तो चेहरा जिवंत होतो. त्यापुढे पांढरा जामा असा उठून दिसतो की गव्हाळ रंगाची आठवणही होत नाही. जाम्याचा बंदही चित्रात जसा आहे तसाच ठेवायचा. मुघल काळातल्या चित्रांत सहसा मुसलमानांचा जामा उजव्या बगलेत बांधलेला असतो आणि हिंदूंचा डाव्या. माणूस कोण हे सांगायला त्या काळाला चंद्रकोर लागत नव्हती.

आता मुजस्सम्याचा प्रश्न. तो हलका नाही, आणि त्याला टाळून मी हे लिहिलं तर ती चलाखी ठरेल. तसवीर बनवणाऱ्याला कयामतच्या दिवशी त्यात जान घालायला सांगितलं जाईल, हा इशारा आपण लहानपणापासून ऐकतो. सजीवाची सावली पडणारी आकृती करू नये, हे बहुसंख्य उलमांचं मत आहे आणि ते जुनं आहे. काही फकीह म्हणतात की ज्या अवयवाशिवाय माणूस जगू शकत नाही तो नसेल तर ती पुरी आकृती धरू नये. त्या हिशोबाने अर्धपुतळा सुटतो. दुसरे म्हणतात, आकृती म्हणजे डोकंच. त्या हिशोबाने तोच सगळ्यात जास्त अडकतो. मला या फटीतून निसटायचं नाही.

मी माझं मत बांधतो ते हेतूवर. हजरत आयशांच्या बाहुल्यांची रिवायत बुखारीत आहे, अबू दाऊदमध्ये त्यांच्या पंखवाल्या घोड्याचीही आहे. त्यावरूनच अनेक उलमांनी मुलांच्या बाहुल्यांना सूट दिली. सूरह सबामध्ये हजरत सुलैमानांसाठी आकृती घडवल्या जात असल्याचा उल्लेख आहे. ती जुनी शरीअत, असं उत्तर यावर दिलं जातं, तेही मला ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी सिसिलीतली संग्रहालयं पाहून लिहिलं की पूजेची भीती जिथे उरली नाही तिथे चित्रं आणि पुतळे हे ज्ञान जपायचं साधन आहे. त्यांच्याशी सहमत नसलेले त्यांच्या काळातही होते, आजही आहेत. मी सहमत आहे. सहा सेंटिमीटरच्या अंबरपुढे कुणी हात जोडणार नाही. त्याच्यापुढे पट्टी घेऊन बसतात आणि नाक मोजतात.

एका शाळेच्या प्रदर्शनात आमचे तीन पुतळे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर तिन्हींवर रुमाल. खाली माहितीची कार्डं तेवढी उघडी. व्यवस्थापनातल्या एका बुजुर्गांनी झाकायला सांगितलं होतं. त्याच भिंतीवर संस्थापकांचा भला मोठा फोटो होता, आणि मी तिकडे पाहतो आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, मास्तर, फोटो म्हणजे सावली धरून ठेवणं, आणि हे तुम्ही हाताने घडवलंत. युक्तिवाद वाईट नाही, उलमांनी तो मांडलेला आहे. मी वाद घातला नाही, पण रुमालाची पद्धत मला पटली नाही. नको असेल तर ठेवू नका म्हणा. रुमालाखाली काय आहे ते पाहायला दिवसभर पोरं येत राहिली, आणि जो तो रुमाल उचलून पाहून हसून जात होता. अंबरला आम्ही तमाशा करायला नव्हता आणला.

आमच्या टोळीतला एक मुलगा हिफ्ज करतो. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, सर, मैं मुँह नहीं बनाऊँगा. मी म्हटलं, नको बनवू. त्याने सगळ्यांच्या पगड्या केल्या. माती कागदासारखी पातळ लाटायची, तिच्या पट्ट्या कापायच्या आणि खऱ्या कापडासारख्या गुंडाळायच्या, हे त्याच्याइतकं कुणालाच जमलं नाही. दोन बाजूंनी ओढलेल्या चुण्या मधे कुठे सैल पडतात हे त्याला कसं कळलं कोण जाणे. त्याचा विरोध आणि त्याची पगडी एकाच टेबलावर दोन उन्हाळे नांदते आहे. मोठ्यांना हे का जमू नये?

शिवाय आपल्या हातांना हे सगळं परकं आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा चिखलदऱ्याला जावं आणि गाविलगडाचा दिल्ली दरवाजा पाहावा. दगडात सिंह आहेत, हत्ती आहेत, आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड आहे. हे विजयनगरचं चिन्ह आणि फतहुल्लाच्या जन्मभूमीचं. मग अकोटकडून नरनाळ्याला जावं. तिथल्या महाकाली दरवाजावर, १४८७ च्या, त्याच फतहुल्लाच्या काळातल्या, नुसती अक्षरं आहेत, आणि काय अक्षरं आहेत! एक किल्ला प्राण्यांनी बोलतो, एक लिपीने. एकाच मुसलमान सरदाराच्या हाताखाली दोन्ही झालं आणि त्याची सल्तनत काही बुडाली नाही. मोहर्रमचे ताजिये म्हणजे तरी काय, बांबूच्या कामट्या आणि कागदातली एका रौज्याची छोटी प्रतिकृतीच. छोट्या मापात मोठी गोष्ट उभी करणं आपल्या मोहल्ल्यांना पिढ्यान्‌पिढ्या येतं.

दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे. मलिक अंबरचा भव्य पुतळा चौकात व्हावा, असं मधूनमधून कुणीतरी मला सुचवतं. मी नाही म्हणतो, आणि धर्माच्या कारणाने नाही. चौकातल्या पुतळ्याचं आमच्या अमरावतीत काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. २०२२ च्या जानेवारीत राजापेठच्या उड्डाणपुलावर परवानगीविना बसवलेला महाराजांचा पुतळा महापालिकेने हटवला आणि प्रकरण आयुक्तांवर शाई फेकण्यापर्यंत गेलं. चौकातल्या पुतळ्याकडे मान वर करून पाहावं लागतं, त्याला गट लागतो, बंदोबस्त लागतो, जयंतीला वर्गणी लागते. त्याचा चेहरा कुणी पाहत नाही, कारण तो वीस फुटांवर असतो. सहा सेंटिमीटरच्या माणसाला हातात घेऊन डोळ्यांजवळ आणावं लागतं.

आणि छोट्या मापाची चित्रं आपल्या बाजारात नाहीत असं नाही. दिवाळीत किल्ल्यांसाठी मातीचे मावळे येतात. वऱ्हाडात ही पद्धत पुण्या-कोल्हापूरइतकी नाही, पण पाट्या आता इथेही लागतात. मावळे असतात, महाराज असतात, गवळणी असतात, आणि अफझलखान असतो, पोट फाडलेला. त्या पाटीत मुसलमान म्हणून ओळखू येणारा तेवढा एकच. महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल त्यात नसतो. माझ्या पोरांपैकी दोघांनी हे स्वतःहून मला सांगितलं. मी त्यांना तक्रार करायला शिकवलेलं नाही. खानाचा तो पुतळा करू नका असं सांगायला मी जाणारही नाही, ती घटना घडली आहे. शेजारी दुसरा माणूस ठेवायचा असेल तर तो कुणीतरी घडवावा लागेल, आणि तो खरा दिसेल असा घडवावा लागेल, एवढंच.

मुतमद खान हा जहांगीरच्या दरबारातला इतिहासकार. अंबर मेल्यावर त्याने लिहिलं ते असं की युद्धकलेत, हुकूमत चालवण्यात या माणसाला जोड नव्हती. शत्रूच्या दरबारातून आलेली ही कबुली आम्हाला कार्डावर लिहायची होती. पण सहा सेंटिमीटरच्या पुतळ्याखालची पट्टी केवढी? नखाएवढी. तिच्यावर नाव आणि साल, बस्स.

या मे महिन्यात भांडण झालं ते त्या नखाएवढ्या पट्टीवरून. अमरावतीची मुलं म्हणाली, नाव उर्दूत हवं. अकोल्याचा भाचा म्हणाला, मराठीत हवं, नाहीतर त्याच्या वर्गातले मित्र वाचणार कसे. एक तडजोड निघाली की पुढे उर्दू, मागे मराठी. ती भाच्याने नाकारली. मागे का, असं त्याचं म्हणणं. मग पगडीवाल्या मुलाने सुईने पट्टीच्या मधोमध एक रेघ ओढली. उर्दू उजवीकडून सुरू होतं, मराठी डावीकडून, दोन्ही रेघेपाशी येऊन थांबतात. मावतं की नाही ते त्याने मापून पाहिलं. मराठीतला अनुस्वार जरा अडचणीचा होता, तो सुईच्या टोकाने एका टिंबात बसला.